इतर नाव

विट्याहून भिवघाटाकडे निघालात
की डाव्या हाताला आमची कुसळवाडी.
नकाशावर तेव्हा नुसता राखाडी ठिपका होती,
शेजारून एक रेघ गेलेली,
ती रस्त्याची नव्हे, ओढ्याची,
आणि ओढाही पावसापुरता.

सहावीच्या वर्गाला म्हटलं, चला, गाव भरू या.
हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही,
कुणीही लॉगिन करावं, कुणीही लिहावं.
शाळेचे टॅब दोन. एकाच्या काचेला तडा,
तो दर वेळी नेमका देवळावरूनच जायचा.

ओवी मंडलेनं पिठाची गिरणी लावली.
तन्वीरनं मशिदीच्या आधी सायकलचं दुकान लावलं,
कारण दुकान आजोबांचं.
म्हसोबा टाकायला गेलो
तर यादीत म्हसोबाचा प्रकारच नाही.
प्रार्थनास्थळ, स्मारक, दगड.
वर्गात हात वर झाले, मोजले,
चार मतांनी दगड निवडून आला.
जरा भीतभीतच सेव्ह केलं.

या गावचे बाप गलाईवाले.
विजयवाडा, त्रिचूर, सिलिगुडी;
परक्या गल्लीत बसून दुसऱ्यांचं सोनं आटवतात
आणि जत्रेला चार दिवस घरी येतात.
रात्री शटर ओढलं
की तेजाबानं पिवळी पडलेली बोटं
नकाशावरून गावात शिरायची.
हसबेंचा वाटेचा बांध सरळ झाला.
शिवेवरच्या माळाला तीन नावं मिळाली.
त्रिचूरहून एकानं लिहिलं:
चिंच तिथं नाही, दहा पावलं खाली आहे.
चिंच तर दोन वर्षांपूर्वीच तोडली.
हे त्याला कोण सांगणार?
ओवीनं झाड मुकाट्यानं दहा पावलं खाली नेलं.

मग विहीर आली.

धम्मदीप लोखंडेनं लिहिलं: भागूची विहीर.
सकाळी पाहिलं तर: हसबेंची विहीर.
मधल्या सुट्टीत पुन्हा भागूची.
रात्री हसबेंची.
कोपऱ्यात एक बटण आहे, त्यावर लिहिलंय 'इतिहास'.
ते दाबलं की कळतं
कुणी, कधी, काय पुसलं.
अकरा ओळी होत्या.
इतका नीट इतिहास
मी कुठल्याच पुस्तकातून शिकवलेला नाही.

भागू कोण, मी विचारलं.
पणजी, तो म्हणाला.
बाहत्तरला दुष्काळी कामावर खडक फोडायला होती.
पाणी लागलं तेव्हा खाली तीच होती,
वर आली ती चिखलानं माखलेली
आणि दुसऱ्या दिवसापासून
तिला काठावर येऊ दिलं नाही.
एवढं बोलून तो टॅबची काच
शर्टाच्या बाहीनं पुसत बसला.

विजयवाड्याहून फोन आला, रात्री साडेदहाला.
सर्जेराव हसबे. मागं भट्टीचा पंखा घोंघावत होता.
बाई, जमीन आमची आहे, सात-बारा बघा.
मी म्हटलं, बघितलाय.
बराच वेळ पंखाच ऐकू येत राहिला.
मग म्हणाले,
आमची आई पण भागूचीच म्हणायची.
घरात. बाहेर नाही.
तुमच्या त्या चौकटीत दोन नावं मावतात का?

मावतात.
'नाव' असा एक खाना असतो,
त्याखाली दुसरा: 'इतर नाव'.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर भरलं.
वर हसबेंची, खाली भागूची.
बारावी ओळ. तेरावी कुणी लिहिली नाही.
ओवीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

धम्मदीप टॅब परत द्यायला आला.
बाई, ती दुसऱ्या खान्यात का?

बोट स्क्रीनवर तसंच ठेवून
मी म्हटलं, आता रेंज गेलीय रे, उद्या बघू.

रेंज होती.
चारही काड्या भरलेल्या होत्या
आणि त्याला त्या मोजता येतात.